पाटी कोरी करणारा उपचार

१९९५ साली ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात, जॉर्ज पापानिकोलाऊ रुग्णालयाच्या रक्तविकार विभागात, रक्ताचा कुठलाही विकार नसलेले पेशंट दाखल होऊ लागले. एरवी या वॉर्डात ल्युकेमिया आणि लिम्फोमाची माणसं असत. नव्याने आलेल्यांना मात्र धड चालता येत नव्हतं. त्यांचा आजार मेंदूचा आणि मज्जारज्जूचा होता: मल्टिपल स्क्लेरोसिस. आणि डॉ. अथानासिओस फासास त्यांना कॅन्सरवरची जबर केमोथेरपी देणार होते. या आजारासाठी मुद्दाम आखून केलेलं जगातलं पहिलं मूळपेशी (स्टेम सेल) प्रत्यारोपण म्हणून या प्रयोगाची नोंद आहे.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा बहुतेकदा विशी ते चाळिशीत गाठणारा आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होणारा आजार. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात ज्याँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचं पहिलं व्यवस्थित वर्णन केलं. मेंदूतल्या तंतूंवर मायलिनचं आवरण असतं. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या आवरणाला परकं समजून त्यावर तुटून पडते. एका डोळ्याची नजर अंधुक होते, पाय बधिर पडतात, लघवीवरचा ताबा जातो. काही आठवड्यांनी बरंचसं परत येतं आणि माणसाला वाटतं, गेलं संकट. मग पुढचा झटका येतो. अशी वर्षं जातात, आणि अनेकांच्या बाबतीत एका टप्प्यानंतर झटके थांबतात पण उतरण सुरू होते, संथ आणि न थांबणारी.

१९९५ मध्ये डॉक्टरांच्या हातात होतं काय? स्टेरॉइड्स होती. बीटा इंटरफेरॉन दोनच वर्षांपूर्वी अमेरिकेत मंजूर झालं होतं. ते झटके साधारण एक तृतीयांशाने कमी करत असे, आणि तेही पहिल्या टप्प्यातल्या पेशंटांचे. उतरणीला लागलेल्यांसाठी जवळपास काहीच नव्हतं. फासास यांनी नेमके हेच पेशंट घेतले. त्यांना गमावण्यासारखं कमी उरलं होतं, म्हणून एवढा धोका त्यांच्याच बाबतीत समर्थनीय वाटत होता. वैद्यकीय नीतीच्या दृष्टीने त्या वेळी दुसरी निवड करणं अवघडच होतं. पण पुढची वीस वर्षं या उपचाराचा सगळा इतिहास याच निवडीभोवती फिरत राहिला.

मुळात असं काही करून पाहण्याची कल्पना आली कुठून, हे समजायला अणुबॉम्बच्या काळात जावं लागतं. हिरोशिमा आणि नागासाकीनंतर किरणोत्सर्गाने माणूस नेमका कशाने मरतो याचा शोध सुरू झाला. उत्तर होतं, अस्थिमज्जा मरते म्हणून. १९४९ मध्ये शिकागोच्या लिऑन जेकबसन यांना दिसलं, की उंदराची प्लीहा शिशाने झाकली तर मारक किरणांनंतरही उंदीर जगतो. दोन वर्षांत एगॉन लोरेंझ यांनी दाखवलं, की किरणांनी होरपळलेल्या उंदराला दुसऱ्याची अस्थिमज्जा शिरेतून दिली तरी तो वाचतो. १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातल्या विंचा इथे अणुभट्टीत अपघात झाला. बाधित शास्त्रज्ञांना पॅरिसला नेलं गेलं आणि जॉर्ज माते यांनी त्यांतल्या काहींना फ्रेंच दात्यांची मज्जा दिली. अमेरिकेत डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये सहा पेशंटांवरचे प्रयत्न प्रसिद्ध केले होते. ते सहाही जण शंभर दिवसांच्या आत दगावले. पुढच्या दशकात अनेकांनी हे क्षेत्र सोडून दिलं, थॉमस चिकटून राहिले. १९६१ मध्ये टोरांटोच्या टिल आणि मॅकुलोक यांनी मज्जेतल्या मूळपेशीचा, म्हणजे जिच्यापासून रक्ताच्या पेशी तयार होतात तिचा, प्रयोगाने पुरावा दिला, तेव्हा या सगळ्याला पाया मिळाला. थॉमस यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

या धाग्याचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. सिएटलला थॉमस यांच्या केंद्रात शिकून आलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी मार्च १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियलमध्ये ल्युकेमिया झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे स्वतः व्हीलचेअरवर असलेल्या या डॉक्टरांनी ते काम उभं केलं. मुद्दाम सांगतो, कारण असं काही भारतात झालं असेल यावर आजही अनेकांचा विश्वास बसत नाही.

ही सगळी खटपट कॅन्सरसाठी होती. त्यातून मेंदूकडे जाणारी वाट दोन बाजूंनी सापडली. एक प्राण्यांमधून. एमएससारखा आजार प्राण्यांत मुद्दाम उत्पन्न करण्याची पद्धत न्यू यॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या टॉमस रिव्हर्स यांनी १९३० च्या दशकात माकडांवर बसवली होती. नंतर हॉलंडमधल्या रायस्वाइक इथे डर्क व्हान बेक्कुम यांच्या गटाने आणि जेरुसलेममध्ये कारुसिस, स्लाविन आणि अब्राम्स्की यांनी अशाच आजारी उंदरांची प्रतिकारशक्ती पुसून त्यांना मज्जा दिली. आजार आटोक्यात आला.

दुसरी वाट एका साध्या निरीक्षणातून निघाली. शिकण्याच्या काळात रिचर्ड बर्ट या अमेरिकी डॉक्टरच्या लक्षात आलं, की प्रत्यारोपण झालेल्या ल्युकेमियाच्या पेशंटांना लहानपणीच्या लसी पुन्हा टोचाव्या लागतात. गोवर, धनुर्वात, सगळ्यांची शरीरातली आठवण पुसली गेलेली असते. बर्ट यांनी विचार केला, की प्रतिकारशक्ती लसी विसरत असेल, तर मायलिनशी धरलेलं वैरही विसरेल. पाटीवर चुकीची अक्षरं गिरवली गेली असतील तर पाटी पुसून मूळाक्षरांपासून सुरुवात करायची, अशी ही कल्पना. सांगायला सोपी, करायला भयंकर.

थेसालोनिकीच्या वॉर्डात ती कशी अमलात आली ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी पेशंटला असं इंजेक्शन देतात, की मज्जेतल्या मूळपेशी सुटून रक्तात येतात. हाडं दुखतात, पाठ ठणकते. मग एका हाताच्या शिरेतून रक्त यंत्रात जातं, यंत्र हव्या त्या पेशी काढून घेतं आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातात परत येतं. कित्येक तास हे चालतं. वजनाच्या दर किलोमागे किमान वीस लाख मूळपेशी जमायला हव्यात. त्या पिशवीत भरून गोठवल्या जातात. गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून त्यांत डीएमएसओ नावाचं रसायन मिसळतात.

मग केमो. फासास यांनी लिम्फोमासाठी रुळलेली ‘बीम’ ही चार औषधांची जुळणी घेतली. तिच्यातलं मेल्फालान हे औषध पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड गॅसच्या कुळातलं. केमो संपली की येतो ‘दिवस शून्य’. पिशवी वितळवून पेशी शिरेतून चढवतात. पाऊण तासात काम होतं, बघणाऱ्याला सलाईनच वाटावं. डीएमएसओ श्वासावाटे बाहेर पडू लागलं, की खोलीत लसणीसारखा वास पसरतो. वॉर्डातल्या नर्सेसना तो आत शिरताच कळतो. त्यानंतर प्राण्यांच्या रक्तापासून बनवलेली, प्रतिकारशक्तीतल्या टी पेशींना मारणारी प्रतिद्रव्यं देतात, म्हणजे पिशवीतून चुकून परत आलेल्या जुन्या पेशीही उरू नयेत. पुढचे दहा-बारा दिवस पांढऱ्या पेशींचा आकडा शून्याजवळ असतो. तोंड सोलवटतं, ताप चढतो, साधा जंतूही जीव घेऊ शकतो. मग एका सकाळी रिपोर्टमध्ये आकडा हलतो आणि हळूहळू वर जाऊ लागतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, कारण तिच्याबद्दलचा गैरसमज आजही लोकांना महागात पडतो. या उपचारात आजारावर वार करते ती केमो आणि ती प्रतिद्रव्यं. पेशंटच्या स्वतःच्याच मूळपेशी त्याला त्या उद्ध्वस्त अवस्थेतून परत आणतात, नवं रक्त आणि नवी प्रतिकारशक्ती उभी करतात. त्या मेंदूत जाऊन तुटलेला तंतू सांधत नाहीत.

फासास यांचे पहिल्या १५ पेशंटांचे निष्कर्ष १९९७ मध्ये छापून आले आणि युरोप-अमेरिकेतली केंद्रं कामाला लागली. इटलीत जेनोआ, अमेरिकेत शिकागो आणि सिएटल. पण २००२ मध्ये युरोपातल्या २० केंद्रांतल्या ८५ पेशंटांचा एकत्र हिशोब मांडला गेला, तेव्हा सात मृत्यू दिसले, त्यांपैकी पाच थेट उपचाराच्या त्रासाने आणि संसर्गाने. एमएस माणसाला पांगळं करतो, पण लगेच मारत नाही. अशा आजारासाठी शंभरातले पाच-सहा जीव जाणार असतील तर मेंदूविकार तज्ज्ञ बिथरणारच. अनेकांनी हा विषय मिटवून टाकला. त्यांना मी दोष देणार नाही.

खरा धक्का मात्र वाचलेल्यांच्या निष्कर्षांनी दिला. एमएसमधलं अपंगत्व कुर्ट्झके यांच्या शून्य ते दहा मोजपट्टीवर मोजतात. शून्य म्हणजे धडधाकट, सहा म्हणजे शंभर मीटर चालायला काठी लागते, सात म्हणजे व्हीलचेअर, दहा म्हणजे मृत्यू. बर्ट यांनी २००३ मध्ये स्वतःच्या २१ पेशंटांचा वृत्तांत छापला. त्यांनी केमोच्या जोडीला संपूर्ण शरीरावर किरणही दिले होते. मोजपट्टीवर सहा किंवा त्याखाली असलेल्या नऊ जणांपैकी कुणाचीही घसरण झाली नाही. सहाच्या वर असलेल्या बारा जणांपैकी आठ जण मात्र घसरतच राहिले. आपला उपचार कुठे हरला, हे बर्ट यांनी लेखाच्या शीर्षकातच सांगितलं. अपयश एवढ्या स्पष्टपणे छापणारे संशोधक कमीच असतात, आणि या क्षेत्राला पुढे नेण्यात त्या प्रामाणिकपणाचा वाटा मोठा आहे.

असं का झालं, त्याचं उत्तर २००७ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आलं. प्रत्यारोपणानंतर मरण पावलेल्या पाच पेशंटांच्या मेंदूंची शवविच्छेदनात तपासणी झाली. बाहेरून हल्ला करणाऱ्या टी पेशी मेंदूत फारशा उरल्या नव्हत्या, तरीही मायलिन झिजत होतं, तंतू मरत होते. आजार म्हातारा झाला की त्याचा कारभार मेंदूच्या आतच सुरू होतो आणि रक्त कितीही स्वच्छ केलं तरी तिथे हात पोचत नाही.

म्हणजे ज्यांना पाहून डॉक्टरांचा जीव तुटत होता, ज्यांची गरज सगळ्यात मोठी दिसत होती, त्यांनाच या उपचाराचा उपयोग सगळ्यात कमी. उपयोग होणार होता तो अजून चालणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, पण ज्यांच्या एमआरआयमध्ये नवे डाग उजळत आहेत अशा तरुण पेशंटांना. आणि चालत्या-बोलत्या तिशीतल्या मुलीला म्हणायचं तरी कसं, की तुझं अपंगत्व अजून यायचं आहे, पण आजच जिवाचा धोका पत्कर? या पेचातून मार्ग काढायला दहा वर्षं गेली.

कॅनडात ओटावा इथे मार्क फ्रीडमन हे मेंदूविकार तज्ज्ञ आणि हॅरल्ड ॲटकिन्स हे प्रत्यारोपण तज्ज्ञ यांनी २००० पासून अगदी टोकाची पद्धत वापरली. मज्जा पूर्ण जाळायची, आणि काढलेल्या मूळपेशीही छाननी करून परत द्यायच्या, म्हणजे जुनी एकही टी पेशी मागल्या दाराने येणार नाही. फ्रीडमन यांची सुरुवातीची अपेक्षा वेगळीच होती. पुसलेल्या प्रतिकारशक्तीत एमएस पुन्हा मूळ कसं धरतो, हे त्यांना पहिल्या दिवसापासून पाहायचं होतं. ते पाहत राहिले, आजार आलाच नाही. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये २४ पेशंटांचे निष्कर्ष आले: प्रत्यारोपणाआधी या सगळ्यांना मिळून १६७ झटके आले होते, नंतर वाचलेल्या २३ जणांत एकही नाही. एमआरआयवर नवा डाग नाही, आणि कुणालाही एमएसचं औषध नाही. काही जणांचं अपंगत्व मागेही हटलं. चोविसावा पेशंट यकृत निकामी होऊन दगावला होता; त्यानंतर त्यांनी मज्जा जाळणारं औषध गोळीऐवजी शिरेतून मोजून द्यायला सुरुवात केली. आकडा एकच असला तरी तो एका घरातला माणूस होता, आणि या यशाच्या प्रत्येक वर्णनात त्याची आठवण ठेवायला हवी.

शिकागोत बर्ट नेमके उलट्या दिशेने गेले. किरण बंद, बीम बंद. मज्जा जाळायची गरजच नाही, फक्त प्रतिकारशक्तीच्या लिम्फोसाइट पेशी साफ केल्या तरी पुरे, असं त्यांचं म्हणणं. सायक्लोफॉस्फामाइड आणि प्रतिद्रव्यं एवढ्यावर त्यांनी काम भागवलं, आणि पेशंट निवडले ते झटक्यांच्या टप्प्यातले. २००९ मध्ये त्यांच्या २१ पेशंटांपैकी १७ जण मोजपट्टीवर किमान एक अंक सुधारले आणि कुणी दगावलं नाही. एमएसमध्ये तोवर ‘बिघाड थांबला’ हेच यश मानत. सुधारणा हा शब्दच कुणी वापरत नसे.

तरी तुलनात्मक चाचणी हवीच होती. ती २००५ मध्ये सुरू झाली: शिकागो, इंग्लंडमधलं शेफील्ड, स्वीडनमधलं उप्साला आणि ब्राझीलमधलं साओ पाउलो. ११० पेशंट, निम्म्यांना प्रत्यारोपण आणि निम्म्यांना त्या वेळची औषधं. २०१९ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. प्रत्यारोपणाच्या गटात आजार पुढे सरकला तीन जणांचा, औषधांच्या गटात ३४ जणांचा. मृत्यू एकही नाही. टीकाकारांनी रास्त मुद्दा काढला, की ऑक्रेलिझुमॅब आणि अलेम्टुझुमॅब ही सगळ्यात जोरकस औषधं तुलनेत नव्हती. ती तुलना करणाऱ्या चाचण्या अमेरिका, ब्रिटन, नॉर्वे आणि इटलीत सुरू झाल्या. पण त्याच सुमारास युरोप आणि अमेरिकेतल्या प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या संघटनांनी, औषधांना न जुमानणाऱ्या झटक्यांच्या एमएससाठी हा उपचार प्रमाणित मानला. अनुभवी केंद्रांत मृत्यूचं प्रमाण आता एक टक्क्याच्या बरंच खाली आलं आहे. वंध्यत्वाचा, अकाली पाळी जाण्याचा आणि थायरॉइडसारख्या दुसऱ्या ऑटोइम्यून आजाराचा धोका मात्र उरतोच.

फासास यांच्या पहिल्या तुकडीचं काय झालं? २०११ मध्ये थेसालोनिकीने ३५ पेशंटांचा दीर्घ हिशोब मांडला. प्रत्यारोपणाच्या वेळी ज्यांच्या मेंदूत दाह सक्रिय होता, त्यांतले ४४ टक्के १५ वर्षांनंतरही घसरले नव्हते. ज्यांच्यात तो नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण १० टक्के. शिकागोने २००३ मध्ये जे सांगितलं, तेच इथे पंधरा वर्षांच्या आयुष्यांनी सांगितलं.

जानेवारी २०१६ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने शेफील्डच्या पेशंटांवर कार्यक्रम दाखवला आणि जगभरातल्या एमएसच्या पेशंटांनी नावं नोंदवायला धाव घेतली. आपल्या देशात संधी न मिळालेले लोक वर्गणी काढून, घर गहाण टाकून मॉस्कोला आणि मेक्सिकोतल्या पुएब्लाला गेले. काही भारतातही आले. त्यांत उशीर झालेले, उतरणीला लागलेले पेशंट बरेच होते, आणि त्यांना खरं सांगायला कुणी धजावत नव्हतं. तंत्र मिळालं, निवड नाही, असं त्यांच्या बाबतीत झालं. प्रत्यारोपणाची हीच पद्धत न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, स्टिफ पर्सन सिंड्रोम आणि मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजारांतही लहान गटांवर वापरली गेली आहे. आशादायक निष्कर्ष आहेत, पण पेशंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

या इतिहासाचा गैरफायदा घेणारा एक धंदा आपल्याकडेही आहे, म्हणून शेवटी स्पष्ट लिहितो. ‘स्टेम सेलने एमएस बरा’ अशा जाहिराती करणारी क्लिनिक्स बहुतेक वेळा चरबीतून किंवा नाळेतून काढलेल्या पेशी पाठीच्या कण्यात टोचतात. केमो नाही, आयसोलेशन नाही, दिवस शून्य नाही. थेसालोनिकी, ओटावा आणि शिकागोत जे झालं त्याच्याशी या इंजेक्शनांचा नावापलीकडे संबंध नाही. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्यताप्राप्त आजारांसाठी केलेलं रक्तपेशींचं प्रत्यारोपण सोडून मूळपेशींचा दुसरा कुठलाही वापर नोंदणी झालेल्या चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. घरात कुणाला एमएस असेल तर निदान झाल्यावर लवकरात लवकर, चालणं शाबूत असताना, मेंदूविकार तज्ज्ञाला विचारा की आजार किती आक्रमक आहे, कोणतं औषध आधी आणि प्रत्यारोपणाचा विचार केव्हा. आणि कुणी बिनकेमोच्या स्टेम सेलसाठी पैसे मागितले, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. तो दाखवता आला नाही तर तिथून उठून या.